बागेतले घड्याळ

डिसेंबर महिन्यातील एक संध्याकाळ. गोंदिया जिल्ह्यातील देवरी या तालुक्याच्या गावी, एका लहानशा बागेतील बाकावर चार वृद्ध गृहस्थ बसलेले होते. त्यांपैकी एक आमचे वडील. चौघांपैकी कोणाच्याही मनगटावर घड्याळ नव्हते. गप्पांच्या मध्येच वडील उठले आणि म्हणाले, "चला गा, सहा वाजाले आले." आम्ही घड्याळात पाहिले. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे झाली होती. अंदाज अवघ्या बारा मिनिटांनी चुकला होता.

यात नवल काय, असे वाचकांना वाटेल. खेड्यापाड्यात पुष्कळ माणसे घड्याळाविना वेळ सांगतात. आम्हाला नवल वाटले याचे कारण वेगळे होते. वर्षभरापूर्वी हेच वडील मुंबईला आमच्या घरी राहत होते. त्यांची स्मृती वार्धक्यामुळे मंद होऊ लागली होती. रात्री दोन वाजता ते सदरा घालून दाराशी उभे राहत आणि विचारत, "शाळेची घंटा झाली का?" भर दुपारी दिवा मालवून झोपण्याची तयारी करीत. जन्मभर प्राथमिक शाळेत वेळापत्रकानुसार शिकवलेल्या माणसाला सकाळ आणि संध्याकाळ यांतील फरक कळेनासा झाला होता. देवरीला परत आल्यावर स्मृती काही सुधारली नाही. कालचे जेवण त्यांना आजही आठवत नाही. पण दिवसाची वेळ मात्र पुन्हा कळू लागली.

ही जाणीव कोठून आली? बागेत असे काय होते की जे मुंबईच्या बाराव्या मजल्यावरील घरात नव्हते? आमचा अभ्यासविषय प्राणिशास्त्राशी निगडित असल्यामुळे हा प्रश्न आम्हाला स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते शिक्षक मित्रांना आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

देवरीचा सूर्य आणि मुंबईचा सूर्य

पहिले कारण भूगोलाच्या पुस्तकातच आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. देवरी सुमारे ८०.३७ अंश पूर्व रेखांशावर आहे. प्रमाण रेखावृत्तापासून हे अंतर २.१३ अंश, म्हणून देवरीची सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे साडेआठ मिनिटे मागे आहे. मुंबईचा रेखांश सुमारे ७२.८५ अंश. तेथील सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या जवळजवळ ३९ मिनिटे मागे पडते. म्हणजेच एकाच राज्यातील या दोन गावांच्या सूर्यांत सरासरी अर्ध्या तासाचा फरक आहे.

हा फरक वर्षभर सारखा दिसत नाही, कारण दोन्ही गावांचे अक्षांशही वेगळे आहेत. २१ जूनच्या सुमारास देवरीला सूर्य ५ वाजून २८ मिनिटांच्या आसपास उगवतो, तर मुंबईला ६ वाजून ३ मिनिटांच्या आसपास. २१ डिसेंबरच्या सुमारास देवरीला सूर्य साधारण ५ वाजून ३२ मिनिटांनी मावळतो. मुंबईकरांना त्यासाठी सहा वाजून जाईपर्यंत थांबावे लागते. मुंबईत वडील पहाटे पाचला उठून खिडकीशी बसत आणि म्हणत, "येथचा सूर्य उशिरा उठते का गा?" तेव्हा आम्ही हसून सोडून देत असू. त्यांचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता, हे नंतर लक्षात आले.

या संदर्भात इतिहासातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रमाणवेळ येण्यापूर्वी भारतातील रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. मद्रासचा रेखांश सुमारे ८०.२५ अंश. तो देवरीच्या रेखांशाशी इतका जुळतो की दोन्ही ठिकाणच्या सूर्यवेळेत अर्ध्या मिनिटाचाच फरक पडतो. रेल्वेची ती वेळ देवरीच्या शेतकऱ्याला कधी परकी वाटली नसती. मुंबईकरांना मात्र ती फार परकी वाटली. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईत मद्रासवेळ लागू करण्याचा प्रयत्न केला. त्यास एवढा विरोध झाला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अधिकृत झाली, तरी मुंबईत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई टाइम' ही स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. आपल्या सूर्याशी जुळणारी वेळ सोडण्यास माणसे सहजासहजी तयार होत नाहीत, हे यावरून दिसते.

झाडे वेळ कशी पाळतात?

बागेत सूर्याव्यतिरिक्त आणखी अनेक घड्याळे असतात. चिंच, शिरीष आणि टाकळा यांची पाने संध्याकाळी मिटतात. गुलबाक्षी दुपार कलल्यावर फुलते. चिनी गुलाबाची फुले ऊन चढल्यावर उमलतात, म्हणून त्याला काही ठिकाणी 'ऑफिस टाइम' असेच नाव पडले आहे. तांबडी दुपारी आपल्या नावाप्रमाणे मध्यान्हाच्या सुमारास उमलते. पारिजातक संध्याकाळनंतर फुलतो आणि पहाटे सडा घालतो. देवरीच्या आसपासच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटेच्या सुमारास गळतात, आणि ती वेचणारी कुटुंबे उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात. येथे झाडाच्या वेळापत्रकावर माणसाचे वेळापत्रक बसवलेले आहे.

फुलांच्या या वक्तशीरपणावरून स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५१ साली फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली. वेगवेगळ्या वेळी उमलणारी व मिटणारी फुलझाडे क्रमाने लावली, तर बागेकडे पाहून तास सांगता येईल, अशी ती कल्पना होती.

पण ही झाडे केवळ उजेडाला प्रतिसाद देतात, की त्यांच्या अंगी स्वतःची लय असते? हा प्रश्न १७२९ साली फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ द मेरां याने विचारला. त्याने लाजाळूसारखे एक झाड पूर्ण अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. याचा अर्थ, दिवस-रात्रीची लय झाडाच्या आतच असली पाहिजे. पुढे असे दिसून आले की अंधारातील ही लय बरोबर २४ तासांची नसते. ती थोडी कमी किंवा जास्त असते, आणि रोजचा सूर्यप्रकाश तिला २४ तासांवर आणून ठेवतो. आपले जुने भिंतीवरचे घड्याळ रोज दोन मिनिटे मागे पडत असेल तर आपण रोज सकाळी आकाशवाणीच्या वेळेनुसार ते लावून घेतो. येथेही तसेच घडते.

मधमाश्यांचा पुरावा याहून मनोरंजक आहे. ठराविक वेळी साखरपाणी ठेवले तर त्या रोज त्याच वेळी तेथे येतात, हे जर्मनीत इंगेबोर्ग बेलिंग यांनी १९२९ साली दाखवून दिले. त्या सूर्याची जागा पाहून येत असाव्यात, असा संशय घेता येतो. म्हणून माक्स रेनर यांनी १९५५ साली पॅरिसमध्ये बंद खोलीत सवय लावलेल्या मधमाश्या विमानाने न्यूयॉर्कला नेल्या आणि तेथील तशाच खोलीत ठेवल्या. पॅरिसमधील शेवटच्या जेवणानंतर बरोबर २४ तासांनी त्या अन्न शोधू लागल्या. न्यूयॉर्कच्या वेळेकडे त्यांनी लक्ष दिले नाही. म्हणजे घड्याळ त्यांच्या अंगातच होते. आमच्या वडिलांनी देवरीचे घड्याळ मुंबईला नेले होते, त्याचाच हा प्रकार.

माणसाच्या आतील दोन घड्याळे

माणसाचे काय? १९६२ साली मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतातील एका थंडगार भूमिगत गुहेत एकटाच सुमारे दोन महिने राहिला. जवळ घड्याळ नव्हते, सूर्यप्रकाश नव्हता. झोपताना, उठताना आणि जेवताना तो दूरध्वनीवरून बाहेरच्या सहकाऱ्यांना कळवत असे. ते मात्र त्याला वेळ सांगत नसत. १४ सप्टेंबरला प्रयोग संपला तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट ही तारीख होती. पंचवीस दिवस त्याच्या मोजणीतून गळून पडले होते. सेकंदाला एक याप्रमाणे १२० आकडे मोजायला सांगितले असता त्याला सुमारे पाच मिनिटे लागली.

आता यातील महत्त्वाचा भाग पाहू. सिफ्रचा हिशेब इतका चुकला, तरी सहकाऱ्यांच्या नोंदींनुसार त्याचे झोपणे-उठणे साधारण साडेचोवीस तासांच्या लयीत चालूच होते. म्हणजे शरीराचे घड्याळ जवळजवळ बरोबर होते. चुकली ती मनाची जाणीव. यावरून आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी ओळखता येतात. एक, दिवस-रात्रीचे घड्याळ. दुसरे, मिनिटे आणि तास यांचा अंदाज करणारी यंत्रणा.

पहिले घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जेथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या अगदी वर आहे. सुमारे वीस हजार चेतापेशींचा हा इवलासा पुंजका आहे. त्यातील प्रत्येक पेशीत काही जनुके प्रथिने बनवतात, ती प्रथिने साठली की त्याच जनुकांचे काम थांबवतात, प्रथिने विघटित झाली की काम पुन्हा सुरू होते. हे चक्र पूर्ण व्हायला सुमारे २४ तास लागतात. फळमाशीमध्ये या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे चक्र सरासरी २४ तासांहून थोडे मोठे असते, म्हणून ते रोज लावून घ्यावे लागते. हे काम प्रामुख्याने डोळ्यांवाटे जाणारा प्रकाश करतो. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे सरकवतो, रात्रीचा प्रकाश मागे ढकलतो.

येथे बागेचे महत्त्व आकड्यांत पाहता येईल. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. भर उन्हात ती एक लाख लक्सच्या आसपास जाते. ढगाळ दिवशीही मोकळ्या जागेत काही हजार लक्स मिळतात. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत बहुधा २०० ते ५०० लक्सच असतात. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहान-मोठी होऊन आणि दृष्टिपटल स्वतःला जुळवून घेऊन तो झाकून टाकते. मेंदूतील घड्याळाला मात्र तो जाणवतो. मुंबईतील आमच्या घरासमोर दुसरी इमारत असल्याने दिवसभर दिवे लागत आणि रात्री उशिरापर्यंतही तेच दिवे जळत. वडिलांच्या घड्याळाच्या दृष्टीने तेथे दिवस धड उजाडत नव्हता आणि रात्रही धड होत नव्हती.

मिनिट लांब का होते?

दुसऱ्या यंत्रणेबद्दल आपल्याला कमी माहिती आहे, पण काही गोष्टी निश्चित आहेत. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ हडसन होगलंड यांची पत्नी १९३०च्या दशकात तापाने आजारी होती. ते थोडा वेळ बाहेर जाऊन आले, तर तिला वाटले की ते फार वेळ बाहेर होते. त्यांनी तिला मनातल्या मनात साठ सेकंद मोजायला सांगितले. ताप जितका जास्त, तितके ती भराभर मोजत असे आणि खरे मिनिट पुरे होण्यापूर्वीच तिचे मिनिट संपत असे. शरीराच्या तापमानाचा वेळेच्या अंदाजावर परिणाम होतो, हे यातून दिसले.

तापमानापेक्षाही मोठा परिणाम लक्ष आणि स्मृती यांचा होतो. बसची वाट पाहताना आपले सगळे लक्ष वेळेकडेच असते, म्हणून दहा मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात. मित्राशी गप्पा मारताना लक्ष दुसरीकडे असते आणि तास कसा गेला ते कळत नाही. नंतर मागे वळून पाहताना हिशेब उलटा होतो. सहलीचा एक दिवस आठवणींनी भरलेला असतो, म्हणून तो मोठा वाटतो. एकसारखे गेलेले तीन आठवडे आठवणीत एका दिवसाएवढे आकसतात. सिफ्रचे पंचवीस दिवस असेच आकसले असावेत. गुहेत एका दिवसाला दुसऱ्यापासून वेगळे करणारे काहीच नव्हते.

बागेत फिरणारी माणसे या अडचणीवर नकळत उपाय करतात. "किती वेळ फिरलात?" असे विचारले की ते म्हणतात, "पाच फेऱ्या झाल्या." मुंबईचे शिवाजी पार्क असो, नागपूरचा महाराजबाग असो की देवरीची लहान बाग असो, उत्तर याच प्रकारचे मिळेल. चालीची लय बऱ्यापैकी स्थिर असते, म्हणून फेरी हे वेळेचे चांगले माप ठरते. वेळ मोजण्याचे सर्व उपाय, लंबकापासून क्वार्ट्‌झच्या घड्याळापर्यंत, अशाच एखाद्या पुन्हापुन्हा घडणाऱ्या गोष्टीच्या मोजणीवर उभे आहेत.

माणसे हीसुद्धा घड्याळेच

देवरीच्या बागेत आम्ही आठवडाभर वही घेऊन बसलो. पहाटे अंधारातच पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावायला येतात. उजाडल्यावर मधुमेहाचे रुग्ण चालायला येतात. त्यानंतर झाडूवाली बाई. दुपारी झाडाखाली महामार्गावरून आलेला एखादा ट्रकचालक आडवा झालेला असतो. शाळा सुटली की झोपाळ्याची साखळी करकरू लागते. ऊन उतरल्यावर वृद्धांचा बाक भरतो आणि फाटकाबाहेर भेळेची गाडी लागते. सूर्य मावळला की साळुंक्या कडुलिंबावर जमून मोठा कलकलाट करतात आणि काही वेळाने एकदम शांत होतात. वडील या शांततेनंतर उठतात, हे आमच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आले.

चौथ्या दिवशी आभाळ भरून आले. त्या संध्याकाळी साळुंक्या नेहमीपेक्षा लवकर परतल्या, लवकर शांत झाल्या आणि वडीलही नेहमीपेक्षा लवकर उठून म्हणाले, "सहा वाजाले आले." पक्षी रातथाऱ्याला परततात ते उजेड कमी झाल्यावर. त्या दिवशी ढगांनी पक्ष्यांना फसवले आणि दोघांनी मिळून वडिलांना. एका दिवसाच्या निरीक्षणावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण वडिलांचा अंदाज कोठून येतो याचा धागा त्यात आम्हाला दिसला.

सोबत्यांच्या लयीने आपली लय लागते, याचा एक सुंदर पुरावा आपल्याच देशातील आहे. मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी मारिमुथू व राजन यांनी वटवाघळांवर केलेले काम १९८१ साली प्रसिद्ध झाले. जेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा गुहेच्या आत त्यांनी एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवले. गुहेतील इतर मोकळी वटवाघळे रोज संध्याकाळी बाहेर जात आणि पहाटे परतत. पिंजऱ्यातील वटवाघळाला सूर्य कधीच दिसत नव्हता, तरी त्याची लय २४ तासांशी जुळून राहिली. ज्या गुहेत इतर वटवाघळे नव्हती, तेथे मात्र एकट्या वटवाघळाची लय हळूहळू सरकत गेली. सोबत्यांचे जाणे-येणे हेच त्याचे घड्याळ होते.

माणसात प्रकाशाचा प्रभाव सर्वांत मोठा आहे, यात शंका नाही. तरी जेवणाच्या वेळा, कामाच्या वेळा, ओळखीच्या माणसांची भेट यांमुळे आपला प्रकाशात जाण्याचा आणि झोपण्याचा वेळ ठरतो. बाकावर मित्र येणार म्हणून वडील चार वाजता घराबाहेर पडतात. मित्रांमुळे त्यांना ऊन मिळते आणि उन्हामुळे झोप लागते.

लय बिघडली तर

याचा शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातील मुलांच्या झोपेचा आणि शिक्षणाचा अभ्यास केला आहे. सर्व देशात घड्याळ एकच, पण सूर्यास्त पूर्वेला लवकर आणि पश्चिमेला उशिरा होतो. जेथे सूर्यास्त उशिरा होतो तेथे मुले उशिरा झोपतात. शाळा मात्र त्याच वेळी भरते. त्यामुळे सूर्यास्त एका तासाने उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते आणि त्यांचे एकूण शिक्षणही सुमारे ०.८ वर्षाने घटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गरीब घरांतील मुलांना याची झळ अधिक बसते, कारण गर्दी, उकाडा आणि आवाज यांमुळे त्यांना झोपेची वेळ हवी तशी बदलता येत नाही.

या दृष्टीने देवरीचे मूल भाग्यवान आहे. त्याचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा अर्धा तास आधी मावळतो. पण हे भाग्य किती दिवस टिकेल? रात्री अकरापर्यंत डोळ्यांसमोर मोबाइलचा पडदा असेल, तर लवकर मावळलेल्या सूर्याचा उपयोग काय? पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सचाही प्रकाश नसतो, तर रस्त्यावरच्या दिव्याखाली १० ते २० लक्स सहज असतात. झोपेच्या आधीच्या तासांत काही दहा लक्स प्रकाशानेही मेलाटोनिन या रात्रीच्या संप्रेरकाची निर्मिती मंदावू शकते, आणि काही माणसे याबाबत फार संवेदनशील असतात.

किशोरवयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच थोडे उशिराकडे झुकते. नववी-दहावीचा मुलगा सकाळी डुलक्या घेतो तो प्रत्येक वेळी आळशी असतोच असे नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा आदेश काढला. त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. हा आदेश लहान मुलांसाठी आहे. मोठ्या मुलांचा विचार अद्याप आपल्यालाच करावयाचा आहे. आणि नऊचा ठोका राज्यभर एकच असला तरी त्या वेळी देवरीचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा अर्धा तास पुढे असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

नगरांतील बागांबाबतही हाच विचार करता येईल. सुशोभीकरण म्हटले की प्रखर दिव्यांचे खांब उभे राहतात आणि ते रात्रभर जळत राहतात. लोकांना सुरक्षित वाटावे म्हणून संध्याकाळी प्रकाश हवाच. पण तो वाटेवर पडेल असा, खाली वळवलेला आणि पिवळसर असावा, आणि बाग बंद झाल्यावर मंद करता यावा. साळुंक्यांच्या कडुलिंबावर रोख धरलेल्या दिव्याने कोणाचेच भले होत नाही. फाटकाच्या वेळाही वर्षभर एकच ठेवण्याऐवजी ऋतूप्रमाणे बदलता येतील. देवरीला जूनमध्ये दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो, डिसेंबरमध्ये सुमारे १० तास ५० मिनिटांचा. अडीच तासांचा हा फरक फाटकावरच्या पाटीला माहीत असायला काय हरकत आहे?

वर्गात करून पाहण्यासारखे

१. आपल्या गावाचा रेखांश नकाशात पाहा. तो ८२.५ मधून वजा करून ४ ने गुणा. आपला सूर्य प्रमाणवेळेच्या किती मिनिटे मागे आहे ते कळेल. मग मैदानात सरळ काठी रोवून सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते नोंदवा. हे वर्षभर करा. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि तिचा अक्ष कललेला असल्याने फेब्रुवारीत ही वेळ हिशेबापेक्षा सुमारे १४ मिनिटे उशिरा आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे लवकर येईल.

२. मुलांना डोळे मिटून मनात एक मिनिट मोजायला सांगा. पुरे झाले की हात वर करावा. हाच प्रयोग खेळाच्या तासानंतर, दुपारच्या उकाड्यात आणि गोष्ट ऐकल्यानंतर करा. सर्व आकडे फळ्यावर मांडा आणि सरासरी काढा. आपल्या अपेक्षेविरुद्ध आकडे आले तर ते खोडू नका. तेच अधिक शिकवतील.

३. शाळेजवळच्या बागेत किंवा परसात गुलबाक्षी, चिनी गुलाब, तांबडी दुपारी आणि पारिजातक लावा. उमलण्याच्या आणि मिटण्याच्या वेळा महिनाभर नोंदवा. ढगाळ दिवसांवर खूण करा. कोणते फूल ढगांना फसते आणि कोणते फसत नाही?

४. बागेत सकाळी आणि संध्याकाळी कोण केव्हा येते याची नोंद ठेवा. माणसांची नावे लिहू नयेत, फक्त वयोगट आणि वेळ लिहावी. सुटीच्या दिवशी, परीक्षेच्या काळात आणि झाडीपट्टीतील रात्रभर चालणाऱ्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी या नोंदी कशा बदलतात ते पाहा.

आता पुन्हा वडिलांकडे वळू. एका माणसाच्या अनुभवावरून औषध ठरवता येत नाही. नेदरलँड्समधील वृद्धाश्रमांत दिवसा भरपूर प्रकाश ठेवून केलेला एक दीर्घ प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची घसरण थोडी मंदावल्याचे आढळले. फायदा लहान होता, पण मोजता येण्याजोगा होता. आजार बरा होत नाही, हे त्यातूनही स्पष्ट झाले. आम्हीही यापेक्षा अधिक काही म्हणत नाही.

निघण्याच्या दिवशी संध्याकाळी आम्ही वडिलांबरोबर बागेत गेलो. त्यांनी आम्हाला दोनदा विचारले, "तुम्ही कोणत्या गावचे?" मुलाचा चेहरा त्या वेळी त्यांना ओळखता आला नाही. थोड्या वेळाने साळुंक्या शांत झाल्या. ते उठले, आमचा हात धरला आणि म्हणाले, "चला, सहा वाजाले आले. घरी वाट पाहत असतील." घड्याळात पाच वाजून पन्नास मिनिटे झाली होती.